देणाऱ्याला जमा



या वेळी पाककृती नाही आणि व्रताची माहितीही नाही. एका इंग्रजी शब्दाबद्दल लिहायचं आहे. तो शब्द आपण सगळ्याजणी दिवसातून चार वेळा तरी ऐकतो, आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. तो शब्द म्हणजे क्रेडिट.

बघा ना. सकाळी मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो की व्याजाची रक्कम खात्यात क्रेडिट झाली. दुपारी भांडी आवरून जरा पाठ टेकावी तर फोन वाजतो, "मॅडम, तुमच्यासाठी क्रेडिट कार्ड मंजूर झालंय." संध्याकाळी मुलगा दुकानातून येतो तोच हिशेबनिसाशी फोनवर बोलत, जीएसटीचं इनपुट क्रेडिट अडकलंय म्हणून. नात कॉलेजातून येते आणि सांगते, "आजी, उद्याचा पेपर चार क्रेडिटचा आहे." रात्री सिनेमा संपला की पडद्यावर नावं सरकत जातात, त्यांनाही क्रेडिट्सच म्हणतात. आणि महिला मंडळाचा कार्यक्रम छान झाला की कुणीतरी माइकवरून सांगतंच, "याचं सगळं क्रेडिट काकूंना जातं."

पहिल्या ठिकाणी क्रेडिट म्हणजे पैसे आले. दुसऱ्या ठिकाणी क्रेडिट म्हणजे कर्ज. तिसऱ्या ठिकाणी, माल घेताना भरलेला कर विकतानाच्या करातून वजा करून मिळणं. चौथ्या ठिकाणी अभ्यासाचे तास, आणि शेवटच्या दोन ठिकाणी श्रेय. आपल्या मराठीत यातल्या एकेका अर्थाला स्वतंत्र शब्द आहे: जमा, उधार, वजावट, श्रेय. आणि या सगळ्यांच्या खाली जो आहे तो म्हणजे पत. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे गल्लीगल्लीत पतसंस्था आहेत. त्यांच्या इंग्रजी पाटीवर क्रेडिट सोसायटी लिहिलेलं असतं. तो 'पत' शब्द मला फार आवडतो. पैसा असो-नसो, माणसाची पत असते किंवा नसते.

मी १९८१ साली बी.कॉम. झाले. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग दूधवाल्याच्या हिशेबापुरता झाला असं नातेवाईक गमतीनं म्हणतात, पण मी ते मानत नाही. बुककीपिंगच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर जो नियम लिहिला तो आजही माझ्या डोक्यात पक्का आहे. व्यक्तीच्या खात्याचा नियम असा: जो घेतो त्याच्या नावे, जो देतो त्याला जमा. म्हणजे डेबिट घेणाऱ्याला, क्रेडिट देणाऱ्याला.

पुस्तकात लिहिलेलं होतं की दुहेरी नोंदीची ही पद्धत लुका पॅचिओली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात पहिल्यांदा नीट मांडली. पद्धत त्याच्या आधीपासून तिथल्या व्यापाऱ्यांत चालू होती, त्यानं ती छापून सगळ्यांच्या हाती दिली. आणि इकडे आमच्या वडिलांच्या कापडाच्या दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची किर्द आणि खतावणी असायची. दोन्हींत एक गंमत होती. इंग्रजी पद्धतीत डेबिट डाव्या हाताला आणि क्रेडिट उजव्या हाताला. आमच्या किर्दीत उलटं, जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. कॉलेजातून घरी आलं की मला दिशाच कळायची नाही! वडील म्हणायचे, "बाजू कुठलीही असू दे, ज्यानं दिलं त्याचं नाव चुकवू नकोस." दिवाळीत महावीर निर्वाणाचा लाडू झाल्यावर नवीन वहीचं पूजन व्हायचं, तेव्हाही ते हे वाक्य एकदा म्हणायचेच.

आता पासबुकाचं कोडं. पुष्कळ जणींनी मला हे विचारलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्याकडे पैसे आले तर आपण घेणारे झालो, मग बँक त्याला क्रेडिट का म्हणते? कारण पासबुक ही आपली वही नव्हे. ती बँकेच्या वहीची नक्कल आहे. आपण बँकेत पैसे ठेवले म्हणजे बँकेला दिले, म्हणून बँकेच्या वहीत आपण देणाऱ्या, आणि देणाऱ्याला जमा. आपण पैसे काढले की बँक ते आपल्या नावे टाकते, ते डेबिट. म्हणूनच खात्यातले आपलेच पैसे खर्च करणाऱ्या कार्डाला डेबिट कार्ड म्हणतात. क्रेडिट कार्डावर आपण दुकानात काही घेतो तेव्हा पैसे देणारी बँक असते. तिथे जमा तिला आणि नावे आपल्याला. ही एक गोष्ट डोक्यात बसली की फोनवरच्या गोड बोलण्याला भुलायला होत नाही. "तुमच्यासाठी क्रेडिट मंजूर" याचा साधा मराठी अर्थ "आम्ही तुम्हाला उधार द्यायला तयार आहोत" एवढाच आहे.

म्हणजे क्रेडिटचा मूळ अर्थ 'पैसे आले' असा नाहीच. कोणी दिलं, याची नोंद म्हणजे क्रेडिट. आणि देणाऱ्यानं का दिलं? विश्वास होता म्हणून. हा इंग्रजी शब्द लॅटिन भाषेतल्या 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या धातूवरून आला आहे. भाषेचा अभ्यास करणारे सांगतात की ते लॅटिन क्रियापद आणि आपला संस्कृत 'श्रद्धा' शब्द हे एकाच मुळाचे आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा स्वाध्यायाची वही काढून त्यात लिहून ठेवलं. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात, अगदी सुरुवातीलाच, उमास्वामी आचार्य सम्यग्दर्शनाची व्याख्या तत्त्वांवरच्या श्रद्धानावरून करतात. आणि त्याच श्रद्धेची दूरची बहीण बाजारपेठेत जाऊन क्रेडिट कार्ड झाली! ही दोन घरं किती लांब आहेत याचं हसू येतं. पण अगदीच लांब नाहीत हो. किराणा दुकानदार जेव्हा "असू द्या काकू, नंतर द्या" म्हणतो, तेव्हा तो श्रद्धाच ठेवत असतो.

या पतीचा एक अनुभव सांगते. आमच्या मंडळातल्या एक भगिनी मसाले आणि शेवया करून विकतात. कामाच्या एकदम चोख. गेल्या वर्षी त्यांना मोठं ग्राइंडर घ्यायचं होतं म्हणून एका बँकेत कर्ज मागायला गेल्या. सोबत मी होते. तिथल्या मुलानं संगणकात बघून सांगितलं, "मॅडम, तुमची हिस्टरीच नाही." तीस वर्षं यांची किराण्याच्या दुकानातली उधारी दर महिन्याच्या पाच तारखेला चुकती झालेली आहे. भिशीत एकदाही हप्ता चुकलेला नाही. गल्लीत यांच्या शब्दावर लोक हजारो रुपये देतील. आणि बँकेच्या पडद्यावर मात्र काहीच नाही, शून्यसुद्धा नाही. "पण माझ्याकडे आठ वर्षं क्रेडिट कार्ड आहे," त्या म्हणाल्या. ते अ‍ॅड-ऑन कार्ड होतं, मिस्टरांच्या कार्डावर मिळालेलं. त्यावरची प्रत्येक वेळेवर केलेली फेड मिस्टरांच्या नावावर जमा झाली होती. खर्च यांचा, शिस्त यांची, पत त्यांची.

त्या मुलाची यात काही चूक नव्हती. नियमच तसा आहे. पण तो आपल्याला माहीत असायला हवा, म्हणून थोडी व्यवहाराची माहिती देते. आपण कर्ज कसं फेडतो याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या भारतात आहेत. त्यातली सिबिल सगळ्यात जुनी, २००० सालची, म्हणून सगळ्याच गुणांना लोक 'सिबिल स्कोअर' म्हणतात. हे गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात. ७५० च्या वर असले की चांगले समजतात. ज्यांनी स्वतःच्या नावावर कधी कर्ज किंवा कार्ड घेतलेलं नाही, त्यांना गुणच मिळत नाहीत. बचत खात्यात कितीही रक्कम असली तरी ती यात धरत नाहीत, कारण ती उधारी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०१७ पासून या प्रत्येक कंपनीनं आपला पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट द्यायचा असतो. एकदा मागवून बघाच. आपण कधी सही करून विसरलेलं जामीनपत्र त्यात डोकं वर काढतं!

आमच्या भगिनींनी शेवटी स्वतःच्या मुदत ठेवीवर स्वतःच्या नावाचं लहानसं कार्ड घेतलं. ठेव तारण असली की बँक हिस्टरी विचारत नाही. दर महिन्याला त्यावर फक्त मिरची-धन्याची खरेदी करतात आणि पूर्ण बिल भरतात. इथे 'पूर्ण' या शब्दाखाली मी दोन रेघा ओढते आहे. बिलावर 'किमान रक्कम' म्हणून लहानसा आकडा छापलेला असतो, तो भरून समाधान मानलं की उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण तीन ते साडेतीन टक्के व्याज चढतं. वर्षाचं गणित तुम्हीच करा. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या बायकांनी कार्डाची मर्यादाही त्या परिमाणात मोजावी असं माझं मत आहे. कार्डाची मर्यादा दोन लाख आहे म्हणजे आपल्याकडे दोन लाख आहेत असं नव्हे.

नातीच्या क्रेडिटची कथा मात्र मजेदार. तिच्या पुस्तिकेत लिहिलंय की वर्गात पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट, आणि प्रयोगशाळेत हातानं काम केलं तर तीस तासांना एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट लागतात. मी म्हटलं, थांब, हे गणित मला करू दे. सरकारनं २०१९ मध्ये देशभर पाहणी केली होती, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. घरच्या बिनपगारी कामात बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं त्यात निघालं. पुरुषांचे ९७. म्हणजे आपले पाच तास धरा. स्वयंपाकघर ही प्रयोगशाळाच की! पाणी गाळण्यापासून सूर्यास्ताआधी ताटं वाढण्यापर्यंत सगळं हातानं केलेलं काम. वर्षाचे १८२५ तास, दोन वर्षांचे ३६५०. भागिले तीस. १२१ क्रेडिट आणि वर थोडी चिल्लर. नात म्हणाली, "आजी, दोन वर्षांत पदवी!" मी म्हटलं, चाळीस वर्षांत वीस पदव्या. दीक्षान्त समारंभाला हॉल मोठा लागेल.

हसण्यावारी नेलं तरी ही पाचवी-सहावी तऱ्हा, म्हणजे श्रेय, हीच आपल्याला सगळ्यात अवघड जाते. आपल्यावर संस्कारच असे आहेत की श्रेय मागणं म्हणजे मान कषाय. दशलक्षण पर्वातला दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. त्या दिवशी आपण ऐकतो की मान गळून पडला पाहिजे. हे मला पूर्ण मान्य आहे. श्रवणबेळगोळची गुल्लकायज्जीची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. चामुंडरायानं बाहुबलींची एवढी मोठी मूर्ती घडवून घेतली. पण पहिल्या अभिषेकाला घडेच्या घडे दूध ओतलं तरी ते मांड्यांच्या खाली उतरेना. मग एक गरीब म्हातारी फळाच्या करवंटीत चमचाभर दूध घेऊन आली, आणि त्या दुधानं मूर्ती नखशिखांत न्हाली. कूष्मांडिनी देवीच त्या रूपात आली होती असं परंपरा सांगते. कथा सांगणारे इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, चामुंडरायाचा गर्व उतरला. पण पुढचंही बघायला हवं. त्या म्हातारीची मूर्ती तिथे आहे. बाहुबलींच्या समोर, हातात आपली करवंटी घेऊन उभी. चमचाभर दूध देणाऱ्या बाईचं नाव आणि रूप आपल्या पूर्वजांनी दगडात नोंदवून ठेवलं. तिनं मागितलं नव्हतं. पण नोंद झाली.

त्याच मूर्तीच्या पायाशी मराठीतला तो प्रसिद्ध शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. त्यातलं क्रियापद नीट वाचा. चामुंडरायानं 'केले' असं तिथे नाही, 'करवियले' आहे. करवून घेतले! सिनेमाच्या शेवटी सरकणाऱ्या नावांत 'निर्माता' वेगळा आणि 'दिग्दर्शक' वेगळा लिहितात, तसाच हा काटेकोरपणा. त्या ओळीत छिन्नी चालवणाऱ्या हातांचं नाव नाही हे खरं. पण त्यांचं काम राजमंत्र्यानं आपल्या नावावर घेतलेलं नाही. त्यानं फक्त आपला वाटा लिहिला.

कृत, कारित आणि अनुमोदना हे तीन शब्द आपण प्रवचनात नेहमी ऐकतो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि कुणी केलेल्याला मनापासून होकार देणं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात याचा पूर्ण हिशेब आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काय हे तीन. कृत, कारित, अनुमत हे तीन. आणि चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, बरोबर १०८. आपल्या जपमाळेचे मणी याच हिशेबाचे, असं मोठी माणसं सांगत आली आहेत. माझ्यासारख्या कॉमर्सवालीला हे वाचून फार बरं वाटतं. इतकी बारीक खतावणी जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही! एका कामाचं क्रेडिट-डेबिट तीन माणसांच्या खात्यात, आणि कुणाचं दुसऱ्याच्या खात्यात जात नाही.

आदिपुराणातली वज्रजंघ आणि श्रीमतीची कथा आठवा. राजाराणींनी वनात दोन चारण मुनींना आहार दिला. शेजारी वाघ, डुक्कर, माकड आणि मुंगूस हे चार प्राणी नुसते बघत होते, पण मनात आनंद मानत होते. त्या अनुमोदनेचं पुण्य त्या मुक्या जिवांच्या खात्यात जमा झालं आणि पुढच्या जन्मी त्यांना भोगभूमी मिळाली. वज्रजंघाचा जीव पुढे भगवान ऋषभदेव झाला. आणि श्रीमतीचा? श्रीमतीचा जीव हस्तिनापूरचा राजकुमार श्रेयांस झाला. ऋषभदेव मुनी कित्येक महिने निराहार फिरत होते. लोक हत्ती, घोडे, रत्नं पुढे करत, पण मुनींना आहार कसा द्यायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. श्रेयांसाला मागचा जन्म आठवला, श्रीमती असतानाचा, आणि आठवला तो आहारदानाचा विधी. त्यानं उसाचा रस दिला. तीच आपली अक्षय्य तृतीया. म्हणजे या युगातलं पहिलं दान ज्या आठवणीवर झालं, ती चौका लावणाऱ्या एका बाईची आठवण होती. दान देणाऱ्याचं नावही बघा, श्रेयांस. यात श्रेय आहेच.

एवढं सगळं डोक्यात घोळत होतं, याला कारण आमच्या अक्का.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय ऐंशीच्या पुढे. आमच्या बस्तीच्या जीर्णोद्धाराला त्यांनी आपल्या माहेरच्या दोन पाटल्या मोडून रक्कम दिली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. चातुर्मासात एक दिवस देवदर्शनाहून आल्या आणि पाटल्या काढून माझ्या हातात दिल्या, "सोनाराकडे चल माझ्याबरोबर." रक्कम खजिनदारांकडे पोचली, पावती आली. पावतीवर नाव होतं त्यांच्या मोठ्या मुलाचं, पुढे 'व परिवार'. फलकाच्या यादीतही तेच. मुलानं सांगितलेलं नव्हतं. खजिनदारांनी सवयीनं लिहिलं होतं. घरात पुरुष माणूस असला की नाव त्याचं, ही त्यांची तीस वर्षांची पद्धत. बोलीच्या वेळी, सवालाच्या वेळी, सगळीकडे हेच.

मला ते खटकलं. अक्कांना म्हटलं, ही नोंद बदलून घेऊ या. त्या म्हणाल्या, "नाव कशाला गं? दिलं तिथेच ते संपलं. नावाचा मोह राहिला तर दान कसलं?"

यावर मी पुष्कळ विचार केला. त्यांचं म्हणणं निश्चयाच्या दृष्टीनं शंभर टक्के खरं आहे. कर्माच्या वहीत खजिनदार नसतो. तिथे पाटल्या ज्यांच्या हातातून निघाल्या त्यांच्याच खात्यात भाव जमा झाला. पण बस्तीची वही व्यवहाराची आहे, आणि व्यवहाराच्या वहीचा धर्म एकच, जे झालं ते लिहायचं. देणाऱ्यानं आपलं नाव सोडणं वेगळं. त्यासाठी आपल्याकडे गुप्तदान आहे, त्याचा मान मोठा आहे. तिथे रकान्यात 'गुप्तदान' असं लिहितात. पण ज्यानं दिलंच नाही त्याचं नाव लिहिणं हे गुप्तदान नव्हे. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, खोटा लेख लिहिणं. आमच्या खजिनदार अण्णांच्या सवयीला एवढा जड शब्द मी लावणार नाही. त्यांच्या मनात कपट नाही, आणि अतिचाराला भाव बघतात. तरीही लेख खरा नव्हता.

मानाचं म्हणाल तर मला एक प्रश्न पडतो. आईनं दिलेल्या दानाच्या फलकावर मुलाचं नाव कोरलं गेलं तर मान कषाय कुणाचा वाढण्याची भीती? देणारीचा की न देणाऱ्याचा? आमचा पुतण्या भला माणूस आहे. तोच म्हणाला, "काकू, मलाच लाजल्यासारखं होतंय. लोक अभिनंदन करतात, मी काय सांगू?"

आपल्या समाजाला याची उदाहरणं परकी नाहीत. कुंभोजला जन्मलेले आपले कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याला बोर्डिंग चालवलं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं एकेक करून मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यांनी काही ते नावासाठी केलं नाही. पण 'रयत'ची माणसं आजही त्यांना रयतमाऊली म्हणतात. कर्मवीरांचं मोठेपण त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही. देणाऱ्या दोघांची नावं दोन ओळींत लिहिता येतात, त्याला जास्त शाई लागत नाही.

मग मी अक्कांना दुसऱ्या पद्धतीनं विचारलं. म्हटलं, "नाव नको तर 'गुप्तदान' लिहायला सांगू का?" त्या गप्प बसल्या. मला वाटलं, हो म्हणतील. तांदूळ निवडत होत्या, ते ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "नको. आईचं नाव घाल. पाटल्या तिच्या होत्या."

त्या पाटल्यांची कथा मला साठ-सत्तर वर्षांनंतर, परवा पहिल्यांदा कळली. अक्कांच्या आई विधवा होत्या. दिराच्या घरात राहून, दुसऱ्यांच्या शेवया-पापड लाटून त्यांनी ते सोनं गुंजागुंजानं जमवलं होतं आणि मुलीच्या लग्नात घातलं. त्यांची इच्छा होती आपल्या हातून कधीतरी बस्तीला काही व्हावं, पण ते राहून गेलं. कृत कुणाचं आणि कारित कुणाचं, तुम्हीच ठरवा.

खजिनदार अण्णांकडे मी आणि पुतण्या दोघंही गेलो. पुतण्या बरोबर असल्यामुळे काम सोपं झालं, हे मान्य करायला हवं. अण्णांनी आधी सांगितलं की पावती एकदा फाडली की बदलत नाही. मी म्हटलं, चुकीची नोंद रद्द करून नवी लिहितात, त्याला रेक्टिफिकेशन म्हणतात, मला परीक्षेत त्यावर सोळा मार्कांचा प्रश्न आला होता. ते हसले. मग अडचण आली ती रकान्याची. देणाऱ्याच्या नावाच्या जागी अक्कांचं पूर्ण नाव बसलं. 'मातोश्रींच्या स्मरणार्थ' लिहून पुढे आईचं नाव, तेही माहेरच्या आडनावासकट, हे काही त्या चिंचोळ्या ओळीत मावेना. शेवटी अण्णांनी पावती उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर सुंदर अक्षरात ते नाव लिहिलं, खाली सही केली आणि बस्तीचा शिक्का मारला.

अक्कांनी ती पावती जिनवाणीच्या कपाटात ठेवली आहे, मागची बाजू वर करून. फलकाचं काम अजून व्हायचं आहे. संगमरवराला मागची बाजू नसते, तेवढी ओळ आधीच मोजून ठेवा, असं मी अण्णांना सांगून आले आहे.